शिरस्त्राणाची परीक्षा

आमच्या जिमखान्याच्या खोलीत, कॅरमच्या फुटक्या बोर्डामागे, एक हेल्मेट खिळ्याला टांगलेले आहे. निळे, चकचकीत, पुढे पोलादी जाळी असलेले. जाळीची वरची दांडी मधोमध किंचित वाकलेली आहे. पण ते नीट निरखून पाहिल्याखेरीज कळत नाही. हे हेल्मेट मी निवडले होते.

त्यावेळी मी बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि क्रिकेट संघाचे साहित्य आणण्याचे काम जिमखाना समितीने माझ्याकडे सोपवले होते. बॅटी, पॅड, ग्लोव्हज घेऊन उरलेल्या पैशांत दोन हेल्मेटे बसवायची होती. दुकानदाराने टेबलावर पाच-सहा प्रकार मांडले. मी एकेक डोक्यावर चढवून आरशात पाहिले, आतला स्पंज बोटाने दाबून पाहिला, जाळी खालीवर सरकते की नाही तेही पाहिले. मग जे सर्वांत मऊ, सर्वांत हलके आणि (कबूल केलेच पाहिजे) सर्वांत स्वस्त होते, त्याची जोडी बांधून घेतली. आपण चोखंदळ गिऱ्हाईक आहोत, असे समाधानही मला त्या दिवशी वाटले.

पुढच्या हिवाळ्यात आंतरमहाविद्यालयीन सामन्यात, मॅटिंगच्या खेळपट्टीवर, आमचा सलामीचा फलंदाज खेळत होता. जाळीची दांडी नेमकी डोळ्यांसमोर येते म्हणून त्याने स्क्रू ढिले करून ती दोन बोटे खाली सरकवली होती. तशी सरकवता येते म्हणून तर ते हेल्मेट मला पसंत पडले होते! एका उसळत्या चेंडूवर त्याने पुलचा फटका मारला. चेंडू बॅटची वरची कड घेऊन आला आणि कपाळावरचा छज्जा व जाळी यांच्यामधल्या फटीतून सरळ आत शिरला. मी मंडपात धावफलकाची वही लिहीत बसलो होतो. आवाज मात्र मी ऐकला.

डाव्या डोळ्याखालचे हाड मोडले. डोळा वाचला, यापलीकडे दैवाकडे मागण्यासारखे त्या दिवशी काही नव्हते. रात्री रुग्णालयाच्या बाकावर त्याच्या आईने मला विचारले, "हेल्मेट घातलं होतं ना रे त्यानं?" मी म्हणालो, "हो काकू." त्या म्हणाल्या, "मग?"

या "मग?"चे उत्तर माझ्याजवळ नव्हते. ते शोधण्यासाठी मी जे वाचले आणि विचारले, त्यातून हा लेख तयार झाला आहे. मी इतिहासाचा विद्यार्थी आहे. पदार्थविज्ञानाशी माझा संबंध दहावीच्या परीक्षेत सन्मानपूर्वक संपला, अशी माझी समजूत होती. तेव्हा शास्त्रीय भाग समजून घेण्यासाठी मला आमच्या संस्थेच्या विज्ञान महाविद्यालयातील एका सरांच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. समजले ते त्यांचे, चुकले असेल ते माझे.

आधी थोडा इतिहास, कारण तो माझा विषय आहे. क्रिकेटमध्ये डोके झाकावे ही कल्पना आपण समजतो तितकी नवी नाही. १९३३ साली लॉर्ड्सवर वेस्ट इंडीजच्या वेगवान गोलंदाजांना तोंड देताना इंग्लंडचा पॅट्सी हेंड्रेन तीन छज्जे असलेली, आतून रबर लावलेली टोपी घालून उतरला होता. ती कल्पना त्याच्याबरोबरच मागे पडली. पुढची चार दशके फलंदाजाचे शिरस्त्राण म्हणजे त्याची नजर आणि त्याची मान.

१७ मार्च १९६२ रोजी बार्बाडोसच्या केन्सिंग्टन ओव्हल मैदानावर भारताचे कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यावर चार्ली ग्रिफिथचा चेंडू आदळला. कवटीला तडा गेला. शस्त्रक्रियेसाठी रक्त हवे होते. ते देणाऱ्यांत आपले चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी व पॉली उम्रीगर होते, आणि प्रतिस्पर्धी संघाचा कर्णधार फ्रँक वॉरेलही होता. कॉन्ट्रॅक्टर वाचले, पुढे प्रथम श्रेणीचे क्रिकेटही खेळले. पण कसोटी सामना त्यांच्या वाट्याला पुन्हा आला नाही. डोक्यात बसवलेली धातूची पट्टी साठ वर्षे तिथेच होती. ती २०२२ साली मुंबईत शस्त्रक्रिया करून काढण्यात आली. ही बातमी वाचताना मला आमच्या मित्राच्या गालातली बारीक पट्टी आठवली आणि पुढचे वाचवेना.

१९७७ साली केरी पॅकरच्या मालिकेत डेनिस अ‍ॅमिस मोटारसायकलस्वारासारखे हेल्मेट घालून खेळला. त्याच मालिकेत अँडी रॉबर्ट्सच्या चेंडूने डेव्हिड हूक्सचा जबडा मोडला, तेव्हा हेल्मेटाला हसणारे गप्प झाले. कसोटीत ते प्रथम घातले ऑस्ट्रेलियाच्या ग्रॅहम यॅलपने, १७ मार्च १९७८ रोजी, बार्बाडोसच्या केन्सिंग्टन ओव्हलवर. तारीख तीच, मैदान तेच, मध्ये सोळा वर्षे. इतिहासाला कधी कधी अशी लहर येते.

आपल्याकडचे उदाहरण शिवाजी पार्कच्या संदीप पाटील यांचे. जानेवारी १९८१ मध्ये सिडनीला लेन पॅस्कोचा चेंडू त्यांच्या कानाजवळ लागला, तेव्हा डोक्यावर हेल्मेट नव्हते. पुढच्याच, अ‍ॅडलेडच्या कसोटीत ते हेल्मेट घालून आले आणि १७४ धावा काढून गेले. ज्यांना हेल्मेट म्हणजे भित्रेपणा वाटतो, त्यांनी ही खेळी आठवावी. सुनील गावसकरांनी मात्र पूर्ण हेल्मेट कधी वापरले नाही. कारकिर्दीच्या उत्तरार्धात फायबरग्लासची, डोक्याच्या बाजू झाकणारी एक छोटी टोपी तेवढी घातली. पण गावसकरांचे उदाहरण आपण देऊ नये. तशी नजर असेल त्याने द्यावे.

असो. घालावे की नाही हा वाद संपला आहे. १ जून २०२३ पासून आंतरराष्ट्रीय सामन्यांत वेगवान गोलंदाजी खेळणारा फलंदाज, यष्टींजवळ उभा राहणारा यष्टिरक्षक आणि फलंदाजाच्या पुढे अगदी जवळ उभा राहणारा क्षेत्ररक्षक यांना हेल्मेट सक्तीचे झाले आहे. क्षेत्ररक्षकाचा उल्लेख पाहून मला रमण लांबा आठवला. फेब्रुवारी १९९८ मध्ये ढाक्याला तो हेल्मेटाशिवाय फॉरवर्ड शॉर्ट लेगला उभा राहिला. चेंडू लागल्यावर चालत तंबूत गेला आणि तीन दिवसांनी वारला. आता खरा प्रश्न आहे तो कोणते घालावे हा. त्यासाठी हेल्मेटाची परीक्षा कशी घेतात हे समजले पाहिजे.

या परीक्षेच्या मुळाशी एक मृत्यू आहे आणि त्याचा संबंध आपल्या कला शाखेशी पोचतो. 'अरबस्तानचा लॉरेन्स' म्हणून ओळखला जाणारा लेखक-सैनिक टी. ई. लॉरेन्स १९३५ साली मोटारसायकलवरून पडून डोक्याच्या दुखापतीने गेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यविशारद होते. पुढे महायुद्धात लष्कराचे संदेश नेणारे मोटारसायकलस्वार लढाईशिवायच धडाधड मरताना त्यांनी पाहिले आणि १९४१ मध्ये हेल्मेटाच्या उपयोगाविषयीचा आपला अभ्यास प्रसिद्ध केला. त्याच सुमारास ऑक्सफर्डमध्ये होलबोर्न नावाचा पदार्थवैज्ञानिक जिलेटिनचा मेंदू करून त्याला धक्के देऊन पाहत होता. त्याच्याकडे आपण पुढे येऊ.

माझी पहिली गैरसमजूत सरांनी पहिल्याच दिवशी मोडून काढली. मी समजत होतो की हेल्मेटाचे काम घट्ट आणि कठीण राहण्याचे आहे. सर म्हणाले, "अरे, तू झेल घेताना हात पुढे ताणून कडक ठेवतोस की चेंडूबरोबर मागे घेतोस?" मी म्हणालो, मागे घेतो. "का?" नाहीतर हात झिणझिणतात. "बस, एवढंच हेल्मेट करतं. डोक्याला थांबायला थोडी जास्त जागा देतं."

मग त्यांनी कागदावर एक हिशोब मांडून दाखवला. तो इतका सोपा आहे की आपल्या शाखेच्या कोणत्याही विद्यार्थ्याला जमावा. एखादी वस्तू काही उंचीवरून पडली आणि ठरावीक अंतरात थांबली, तर तिला बसणारा सरासरी धक्का गुरुत्वाकर्षणाच्या किती पट असतो? उंची भागिले थांबण्याचे अंतर. डोके दोन मीटरवरून फरशीवर आदळले आणि कातडी व हाड मिळून समजा चार मिलिमीटरमध्ये थांबले, तर दोन हजार भागिले चार, म्हणजे पाचशे पट. तेच डोके हेल्मेटात असले आणि आतला थर दोन सेंटिमीटर दबला, तर दोन हजार भागिले वीस, म्हणजे शंभर पट. प्रत्यक्षात धक्का सारखा नसतो, त्याचे टोक सरासरीपेक्षा वर जाते. पण सोळा मिलिमीटरची जास्त जागा पाचशेचे शंभर करते, ही गोष्ट काही खोटी होत नाही. शास्त्रज्ञ या पटीला 'जी' म्हणतात.

यावरून दुसरा उलगडा झाला. मी दुकानात बोटाने दाबून पाहिला तो मऊ स्पंज धक्क्यासाठी नसतोच. बोटाने जो पूर्ण दबतो तो चेंडूच्या किंवा रस्त्याच्या धक्क्याखाली क्षणात चपटा होऊन संपतो, आणि मग उरलेला सगळा धक्का डोक्याला. तो असतो डोक्याला टोचू नये व हेल्मेट नीट बसावे म्हणून. खरे काम करतो तो त्यामागचा कडक थर, ज्याला मी 'निकृष्ट माल' म्हणून नाक मुरडले होते. सायकलच्या हेल्मेटात तो बहुधा थर्माकोल असतो. पूर्वी ज्याची गणपतीची मखरे होत, त्याच जातीचा, पण अधिक घट्ट. तो चुरडतो आणि चुरडताना धक्का खातो. मात्र चुरडलेला थर्माकोल पुन्हा फुगत नाही. म्हणून सायकलचे हेल्मेट एका जोराच्या आपटीनंतर, वरून कितीही धडधाकट दिसले तरी, बाद समजायचे. मोठ्या भावाने पडून आपटलेले हेल्मेट धाकट्याला देणाऱ्या घरांनी याचा विचार करावा.

आता प्रत्यक्ष परीक्षा. सायकलच्या हेल्मेटाची अमेरिकेतील पद्धत सांगतो, कारण तिचे नियम सरळ आहेत. प्रयोगशाळेत धातूचे एक डोके असते. त्याला धरणाऱ्या जोडणीसकट पाच किलो वजनाचे, आत धक्का मोजणारे यंत्र बसवलेले. त्याला हेल्मेट घालून मार्गदर्शक तारांवरून किंवा दांडीवरून खाली सोडतात. खाली पोलादी ऐरण असते. ती तीन आकारांची: एक सपाट, एक अर्धगोल आणि एक रस्त्याच्या कडेच्या दगडासारखी धारदार. सपाट ऐरणीवर सुमारे दोन मीटरवरून, इतर दोन्हींवर सव्वा मीटरच्या आसपास उंचीवरून. धातूच्या डोक्याला तीनशे 'जी'पेक्षा जास्त धक्का एकदाही बसला, तर हेल्मेट नापास. युरोपच्या मानकात ही मर्यादा अडीचशेची आहे. तिथे आपटण्याचा वेग थोडा कमी असतो.

पण नुसते आपटून भागत नाही. काही हेल्मेटे आधी पन्नास अंशांच्या आसपास तापवतात, काही शून्याखाली पंधरा अंशांपर्यंत गोठवतात, काही तासन् तास पाण्यात बुडवून ठेवतात आणि मग आपटतात. मे महिन्यात गाडीच्या डिकीत पडलेल्या हेल्मेटाचा विचार कोणीतरी केला आहे, हे वाचून मला बरे वाटले. त्यानंतर पट्ट्याची परीक्षा. हेल्मेटाच्या मागच्या कडेला आकडा अडकवून त्याला चार किलोचे वजन साठ सेंटिमीटरवरून झटक्याने सोडतात; हेल्मेट डोक्यावरून निघून गेले तर नापास. हनुवटीचा पट्टा वेगळा ताणून पाहतात. डोक्यावरून उडालेले हेल्मेट कितीही चांगले असले तरी ते रस्त्यावर आहे आणि डोके दुसरीकडे, हे सांगायला प्रयोगशाळा कशाला? पण आपल्या शहरात हनुवटीचा पट्टा न लावता हेल्मेट मिरवणारे पाहिले म्हणजे वाटते, लागत असावी.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. दोन मीटर ही मर्यादा आहे. दहीहंडीच्या सहाव्या थरावरून जो गोविंदा खाली येतो, त्याच्यासाठी वरचा हिशोब पुन्हा मांडून पाहा. अंतर दोनच सेंटिमीटर आणि उंची कितीतरी जास्त. सायकलचे हेल्मेट तिथे नसण्यापेक्षा बरे, पण ती परीक्षा त्याने कधी दिलेलीच नाही.

दुसरे असे की तीनशे 'जी'च्या आत म्हणजे सुखरूप, असे मुळीच नाही. ही मर्यादा कवटी फुटून माणूस दगावू नये यासाठी आहे. डेट्रॉइटच्या वेन स्टेट विद्यापीठात मृतदेहांच्या कवट्यांवर झालेल्या प्रयोगांतून या विचाराचा पाया घातला गेला. मेंदूला गुंगी आणणारा मार याहून पुष्कळ कमी धक्क्यातही बसतो. अमेरिकन फुटबॉलच्या अभ्यासांत शंभर 'जी'च्या आसपासही तो दिसून आला आहे. शिवाय होलबोर्नने १९४३ मध्येच सांगून ठेवले होते की मेंदूला सरळ धक्क्यापेक्षा गिरकी अधिक घातक. सरांनी हे मला खरवसाच्या उदाहरणाने समजावले. खरवसाची ताटली सरळ ढकला, खरवसाला काही होत नाही. तीच ताटली झटकन गोल फिरवा; काठ फिरतो, मधला भाग मागे राहतो आणि चिरा पडतात. कवटी ही ताटली. जुन्या परीक्षांत फक्त सरळ धक्का मोजला जाई. अलीकडे गिरकी मोजण्याचे प्रयत्न सुरू झाले आहेत, आणि आत सरकणारा पातळ थर बसवलेली हेल्मेटेही निघाली आहेत.

आणि ही परीक्षा फक्त पास-नापासाची असते. काठावर पास झालेल्याला आणि पहिल्या आलेल्याला एकच शिक्का मिळतो. आपल्या विद्यापीठापेक्षाही उदार धोरण! या उणिवेवर अमेरिकेतील व्हर्जिनिया टेक या संस्थेने २०११ पासून फुटबॉलच्या हेल्मेटांना, आणि पुढे सायकलच्याही, तारे देऊन क्रम लावायला सुरुवात केली. मग विकत घेणाऱ्याला पासांतले वर्ग कळू लागले. क्रिकेटमध्ये असे सोयीचे तारे माझ्या पाहण्यात नाहीत.

आता क्रिकेटकडे येतो. सायकलचे चांगले हेल्मेट क्रिकेटला का चालत नाही? सरांनी पुन्हा कागद ओढला. पाच किलोचे डोके दोन मीटरवरून पडते तेव्हा त्याच्याजवळ सुमारे ९८ ज्यूल ऊर्जा असते. ताशी १४० किलोमीटर वेगाने येणाऱ्या १६० ग्रॅमच्या चेंडूजवळ सुमारे १२० ज्यूल. म्हणजे तो इवलासा चेंडू दोन मीटरवरून पडणाऱ्या डोक्यापेक्षाही अधिक ऊर्जा घेऊन येतो, आणि ती एका नाण्याएवढ्या जागेवर उतरवतो. रस्ता रुंद असतो, चेंडू टोकदार शत्रूसारखा नेमकी जागा शोधतो. तेव्हा इथे बाहेरचे कवच चेंडूचा मार पसरवणारे हवे, कानशिले झाकलेली हवीत आणि तोंडासमोर जाळी हवी. सायकलच्या हेल्मेटाला हवेसाठी ठेवलेल्या रुंद खाचा आणि उघडा चेहरा यांतले काहीच पुरवत नाहीत. खेळ बदलला की मार बदलतो आणि मार बदलला की परीक्षा बदलते.

क्रिकेटच्या हेल्मेटाचे ब्रिटिश मानक बीएस ७९२८ हे १९९८ साली निघाले. पण त्या काळच्या परीक्षेत आमच्या मित्राला झालेल्या अपघाताचा विचारच पुरेसा नव्हता. डोके झाकले जात होते, आणि चेंडू फटीतून आत शिरत होता. २०१३ साली ते मानक बदलले. त्यात चेंडू प्रत्यक्ष वेगाने जाळीवर सोडून दोन गोष्टी पाहण्याचे ठरले: चेंडू छज्जा व जाळी यांच्यामधून घुसतो का, आणि घुसला नाही तरी जाळी आत दबून चेहऱ्याला लागते का. या बदलाची गरज किती होती हे पुढच्याच वर्षी जगाने पाहिले. ऑगस्ट २०१४ मध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर आपल्या वरुण अ‍ॅरॉनचा चेंडू त्या फटीतून जाऊन स्टुअर्ट ब्रॉडचे नाक मोडले. त्याच उन्हाळ्यात इंग्लंडच्या क्रेग कीस्वेटरच्या डोळ्याजवळचे हाड तसेच मोडले. नजर पूर्ववत न झाल्याने पुढच्या वर्षी त्याला खेळच सोडावा लागला. हे वाचल्यावर "डोळा वाचला" या आमच्या समाधानाची किंमत मला कळली.

त्याच मानकात एक बारकावा आहे, आणि माझ्या मते निवडणाऱ्याने सर्वांत आधी लक्षात ठेवावा असा तोच आहे. परीक्षा कोणत्या चेंडूने घेतली? पुरुषांच्या चेंडूचा घेर २२.४ ते २२.९ सेंटिमीटर असतो, म्हणजे व्यास ७.२ सेंटिमीटरच्या आसपास. तेरा वर्षांखालील मुलांचा चेंडू याहून लहान. त्याचा व्यास साडेसहा सेंटिमीटरपर्यंत खाली येऊ शकतो. आता मोठ्या चेंडूला अडवणारी फट लहान चेंडूला अडवीलच असे नाही. वडिलांचे उत्तम हेल्मेट घालून धाकटा मुलगा लहान चेंडूने खेळू लागला, तर त्याच्या डोक्यावर उत्तम हेल्मेट आहे आणि चेहऱ्यासमोर उघडी खिडकी. मुलींचा चेंडू या दोहोंच्या मधला. म्हणून त्यांनी लहान चेंडूची, किंवा दोन्ही चेंडूंची परीक्षा दिलेले हेल्मेट घ्यावे. आमच्या महाविद्यालयाचा मुलींचा संघ कित्येक हंगाम मुलांच्या पेटीतली हेल्मेटे घालून खेळतो आहे. हे मी कोणाला दोष देण्यासाठी लिहीत नाही. पेटी माझ्याच ताब्यात होती.

नोव्हेंबर २०१४ मध्ये सिडनीला फिलिप ह्यूज गेला. त्याचे हेल्मेट नव्या मानकाचे नव्हते, जुन्या पद्धतीचे होते. साहजिकच पुष्कळांनी दोष त्या हेल्मेटाला दिला. पण २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चौकशी अहवालात म्हटले होते की नवे हेल्मेट असते तरी ते त्याला वाचवू शकले नसते. चेंडू लागला तो मानेला, डाव्या कानाच्या खाली, जिथे कोणतेच हेल्मेट पोचत नव्हते. मेंदूकडे रक्त नेणारी धमनी फाटली. मला हा अहवाल फार प्रामाणिक वाटतो. जी परीक्षा घेतलीच नाही, तिच्यात नापास झाल्याचा ठपका वस्तूवर ठेवणे सोपे असते. त्यानंतर मानेसाठी जोडावयाची संरक्षक पट्टी निघाली, २०१९ मध्ये ब्रिटिश मानकात तिच्याही परीक्षेची भर पडली, आणि ऑक्टोबर २०२३ पासून ऑस्ट्रेलियाच्या क्रिकेट मंडळाने वेगवान गोलंदाजी खेळताना ती सक्तीची केली. म्हणजे प्रत्येक नव्या परीक्षेच्या मागे कोणाचे तरी डोके आहे. मानकाच्या पुस्तकात नावे छापत नाहीत, एवढेच.

हेल्मेटामुळे खेळाडू बेफिकीर होतात, हा आक्षेप मी ऐकला आहे आणि तो सर्वस्वी खोटा नाही. अमेरिकन फुटबॉलमध्ये चांगली हेल्मेटे आल्यावर खेळाडू डोक्याचाच शस्त्रासारखा वापर करू लागले आणि माना मोडू लागल्या; शेवटी १९७६ साली डोके पुढे करून धडकण्यावर नियमाने बंदी घालावी लागली. आमच्याकडेही उसळत्या चेंडूवरून नजर काढून डोके वळवणारे फलंदाज आहेत. पण यावर उपाय चांगले खेळायला शिकवणे हा आहे. हेल्मेट काढून घेणे हा नव्हे.

यंदा साहित्य आणायला मी पुन्हा गेलो, तेव्हा दुकानदाराला पहिला प्रश्न विचारला तो आत काय छापले आहे, हा. बीएस ७९२८ आणि पुढे २०१३ हे आकडे, आणि कोणत्या चेंडूसाठी ते. एका दुकानात मला सांगण्यात आले, "सगळं सारखंच असतं, फक्त नाव वेगळं." मी तिथून निघालो. दुसऱ्या दुकानात छापलेले होते. मग डोके मोजले. भुवयांच्या जरा वरून फीत गुंडाळून. (संघातल्या अकरा जणांची डोकी मोजताना जो विनोद झाला तो इथे लिहिण्यासारखा नाही.) हेल्मेट घालून, पट्टा न लावता मान हलवली तर ते डोक्याबरोबर हलले पाहिजे, मागे राहता कामा नये. छज्जा आडवा राहिला पाहिजे, कपाळावर चढता कामा नये. जाळी सरकवता येत नाही अशी घेतली. ज्या सोयीसाठी मी मागच्या वेळी जास्त खूश झालो होतो, तीच या वेळी नाकारली. जाळी वाकली तर त्याच बनावटीची, त्याच नमुन्याची दुसरी बसवायची. दुसऱ्या हेल्मेटाची लावायची नाही, कारण परीक्षा त्या जोडीने दिलेली असते. एकाची मार्कशीट दुसऱ्याला चालत नाही.

पैसे अर्थातच पुरले नाहीत. दोनाच्या किमतीत एकच आले. प्राचार्यांकडे अर्ज केला, संघातल्या मुलांनी वर्गणी काढली, आणि एक बॅट कमी घेतली. आता पेटीत तीन हेल्मेटे आहेत, त्यांतले एक मुलींच्या संघासाठी लहान चेंडूची परीक्षा दिलेले. प्रत्येकाच्या आत खरेदीची तारीख लिहिली आहे आणि जिमखान्याच्या नोंदवहीत एक पान काढले आहे: कोणत्या हेल्मेटाला, कोणत्या दिवशी, कुठे चेंडू लागला. जोराचा मार लागला की ते बाजूला काढायचे, पुन्हा पेटीत टाकायचे नाही.

आमचा मित्र जानेवारीपासून नेटमध्ये परत आला आहे. पहिल्या दिवशी त्याने हेल्मेट घातले, सवयीने जाळीला हात लावला, ती हलेना. "दांडी डोळ्यांसमोर येते रे," तो म्हणाला. मी म्हटले, येऊ दे. दोन-तीन आठवड्यांत त्याला ती दिसेनाशी झाली. मागच्या शुक्रवारी एक चेंडू त्याच्या जाळीवर वरच्या बाजूला आदळला आणि खाली पडला. तो आधी खाली बसला, मग उठला, आणि खेळ थांबवून जिमखान्याच्या खोलीत गेला. नोंदवहीतली ती ओळ त्याच्या अक्षरात आहे.